पेले तिथंच होते

मंडळी, दुपारी एक नाटक बघून आले, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

स्टेज नव्हतंच. हॉलमध्ये सतरंजीवर बसलेले आम्ही प्रेक्षकच गावकरी. मधोमध एक बाई, जातीमुळं विहिरीवरून हाकललेली. तिच्याशेजारी माठ, तांब्या आणि स्टीलचे पेले. सरपंच झालेला नट म्हणाला, "पावणं, हिला कुणीतरी पाणी द्या. तवर नाटक पुढं जात न्हाय."

कुणी हलेना. शेवटी आमचे हे उठले. मला केवढा अभिमान वाटला. त्यांनी माठातून तांब्या भरला, तिच्यासमोर उभे राहिले आणि वरून धार धरली. बाईनं मुकाट्यानं ओंजळ पुढं केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नट म्हणाला, "संपलं नाटक. उठा."

माझ्यासोबत ऑफिसातली सविता होती, मीच हट्टानं आणलेली. बाहेर चपला घालताना ती एवढंच म्हणाली, "पेले तितंच हुते की. माझ्या आज्जीला असंच वरनं पाणी घालायचे लोक." आणि रिक्षा करून एकटीच कळंब्याला घरी गेली.

स्कूटरवर हे घरापर्यंत विचारत होते, "पाणी मीच दिलं की. मग माझं चुकलं काय?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. सविता बोलली नसती, तर मलाही कळलं नसतं.

रोज आम्ही दोघी एका टेबलावर डबा खातो. उद्या ती दुसरीकडं बसली, तर तिला कुठल्या तोंडानं बोलवू, सांगा.