कल्पनानं केलेलं काशीचं पुस्तक

हिंजवडीजवळच्या चांद्यात एखाद्या मुलीचं लग्न ठरलं की कार्यालय नंतर बघतात, आधी कल्पनाकडे सांगावा जातो. रुखवत तिच्याच हातचं हवं. थर्माकोलचं देऊळ, सुपारीचे भटजी, खारकांचे नवरा-नवरी, कागदाच्या कमळातली लक्ष्मी, हे सगळं ती अशा सफाईनं करते की वरपक्षाच्या बायका पंगत सोडून मांडलेलं बघत उभ्या राहतात. आसपासच्या चार गावांत असा हात दुसरा नाही. तिच्या तोंडावर हे कुणी म्हणत नाही, पण तोंडावर कौतुक करायची आपल्याकडे पद्धतच नाही.

एवढी गुणाची बाई, पण तिला एक खोड होती. तिला लाज फार वाटायची, आणि नको त्या गोष्टींची वाटायची. जिथं घरची भाताची खाचरं होती तिथं आता तीन मजली इमारत आहे. खाली ती, नवरा विलास आणि सासू राहतात आणि वरच्या नऊ खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारी पोरंपोरी भाड्यानं राहतात. घर हिचं, जागा हिची, पाण्याची मोटर चालू करणारी हीच. पण जिन्यात एखादी पँटवाली पोरगी समोर आली की ही अंग चोरून भिंतीला लागणार. घरात ‘पाणी आलंय न्हवं?’ म्हणणारी बाई त्या पोरींपुढं ‘पाणी आलेलं आहे ना?’ म्हणायची, आणि मग आपण नीट बोललो का, याचा दिवसभर घोर लावून घ्यायची.

सगळ्यांत जास्त लाज वाटायची ती सासूची. तुळजाबाई म्हणजे पंच्याहत्तरी ओलांडलेली, नऊवारी नेसणारी, मिश्रीनं काळ्या झालेल्या हिरड्या दाखवत मोकळं हसणारी म्हातारी. ती भाडेकरू पोरींना जिन्यात अडवायची, ‘पगार किती हाय गं तुला?’ असं विचारायची आणि आकडा ऐकून ‘मग येवढी वाळलीयास का?’ म्हणायची. पोरींना ती आवडायची. कल्पनाला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं व्हायचं.

दुसऱ्या मजल्यावर जुईली नावाची लातूरकडची पोरगी राहते. ती कुठं फिरून आली की फोटोंची वही करते. साधी चिकटवही नव्हे. जाड पानावर आधी नक्षीचा कागद, त्यावर फाडलेल्या कडेचा दुसरा, त्यावर फोटोपेक्षा बोटभर मोठा रंगीत पुठ्ठा, मग फोटो, आणि सगळ्यांत वर कापून काढलेली पानं, फुलं, तिकिटं. तीही फोमच्या जाड टेपवर बसवायची, म्हणजे पानातून वर उठून आल्यासारखी दिसतात. मोटर बिघडल्याचं सांगायला वर गेलेली कल्पना हे बघून दारातच खिळली.

“काकू, हे तर तुमचं रुखवतच आहे,” जुईली म्हणाली आणि तिनं कल्पनाला शेजारी बसवून घेतलं. चार-पाच रविवारांत कल्पना शिष्याची गुरू झाली. जुईलीनं तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. “पानावर गर्दी नको, काकू. नजर एका जागी गेली पाहिजे.”

हे वाक्य कल्पनानं नको तितकं मनावर घेतलं.

त्या दिवाळीनंतर विलासनं आईला आणि बायकोला काशीला नेलं. तुळजाबाईंचा तो जुना हट्ट होता. त्यांचा धाकटा भाऊ कोंडिबा धरणाच्या वरच्या अंगाला राहतो. दोघा बहीणभावंडांनी काशीला बरोबर जायचं असं तीस वर्षं नुसतं ठरवलं, आणि जायची वेळ आली तेव्हा कोंडिबाचे गुडघे गेले. निघताना म्हातारीनं त्याला फोनवर सांगितलं, “तू झुरू नगंस. तितं म्या फोटूत बसून येते. तू घरबसल्या बग मला गंगंवर.” आणि म्हातारी शब्दाची पक्की. आठ दिवसांत कुणीही फोन वर केला की ही त्याच्यापुढं येऊन बसायची, मग मागं देऊळ असो की चहाची टपरी.

परत आल्यावर कल्पनानं पौडला जाऊन फोटो छापून आणले आणि कात्री घेऊन बसली. पहिल्या फोटोत तिघं घाटाच्या पायरीवर होती. विलासच्या अंगात नवा सदरा, कल्पनाची जांभळी साडी, आणि मधोमध नुकतीच बुडी मारून आलेली म्हातारी. केस कपाळाला चिकटलेले, तोंड उघडं, दंडाला प्लास्टिकची पिशवी अडकवलेली. कल्पना फोटोकडं बघत राहिली. हे पान बावधनला न्यायचं होतं. तिथं जुईलीच्या ओळखीच्या बायका आपापल्या वह्या घेऊन जमायच्या. कुणाची बालीची, कुणाची लडाखची.

कडेचं माणूस कात्रीनं जातं, मधलं जात नाही. मग कल्पनानं झेंडूचं फूल कापलं, म्हातारीच्या तोंडावर ठेवून बघितलं, आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. जित्या माणसाच्या फोटोवर फुलं वाहतात का? एवढी अक्कल शाबूत होती बाईची. म्हणून तिनं होडी कापली. सुरेख कापली, वल्ह्यासकट, आणि फोमची टेप लावून बरोबर मधोमध बसवली. पुढच्या पानावर देवळाचा कळस बसला, त्याच्या पुढच्या पानावर रेल्वेचं तिकीट. सहा पानं झाली, आणि सहाही पानांवर तुळजाबाई कुठं उरल्या नाहीत. पानं मात्र अशी देखणी झाली की बघत राहावं. पाप असं देखणंही करता येतं, हे कुणी तिला आधी सांगितलं नव्हतं.

विलासनं वही चाळली. आपलं पोट फार दिसत नाही ना, एवढं बघून “झ्याक झालंय” म्हणाला. जन्म दिलेली आई कुठं आहे, हे त्या बहाद्दराच्या ध्यानातही आलं नाही. तुळजाबाईंनी वही मागितली तेव्हा कल्पना म्हणाली, “गोंद वाळायचाय, आत्याबाई.” दुसऱ्यांदा मागितली तेव्हाही गोंद वाळायचाच होता.

बावधनला तिचं फार कौतुक झालं. बायकांनी पानांवरून हात फिरवले, फोटो काढून घेतले. एकीनं होडीच्या पानाशी थांबून विचारलं, “तुम्ही दोघंच गेला होतात? किती छान!”

“हो, दोघंच,” कल्पना म्हणाली.

शेजारी जुईली बसली होती. काशीला निघायच्या दिवशी आजीचं बोचकं जिन्यापासून गाडीपर्यंत तिनंच नेलं होतं. तिनं कल्पनाकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घालून आपल्या कागदांच्या कडा सारख्या करायला लागली. परतीच्या रिक्षात जुईली बाहेरच बघत बसली. आयुष्यात पहिल्यांदा कल्पनाला लाज वाटायला हवी त्या गोष्टीची वाटली, आणि ती लाज कुठं ठेवावी हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिनं दोरा घेऊन होडीखालची टेप कापायचा प्रयत्न केला. टेप कसली सुटते! तिच्याबरोबर फोटोचा पापुद्राच सोलून आला. तिनं घाईघाईनं होडी पुन्हा दाबून बसवली. पुन्हा फोटो छापून आणू, नवी पानं करू, असं ती रोज ठरवायची, आणि रोज एखादं काम आड यायचं. खरं सांगायचं तर काम आड येत नव्हतं. आपण काय केलंय ते पुन्हा डोळ्यांनी बघायला नको, म्हणून वही तिनं कपाटात साड्यांच्या खाली घालून ठेवली होती.

अशात मावंद्याचा दिवस आला. काशीहून आणलेल्या गंगेच्या गडूची पूजा करायची, सोयऱ्याधायऱ्यांना जेवू घालायचं, आणि यात्रा करून आलेल्या माणसाच्या पाया पडायचं. मावंदं झाल्याशिवाय काशी पुरी होत नाही. सकाळपासून पुरण शिजत होतं. कोंडिबाला जीपनं आणून दोघांनी उचलून ओसरीवरच्या खुर्चीत बसवलं. पूजा झाली. माणसं तुळजाबाईंच्या पाया पडली, आणि जेवणाची पानं मांडायला अजून वेळ होता.

“आक्का, फोटू दावणार हुतीस मला,” कोंडिबा म्हणाला.

“दावते की!” म्हातारी उजळून म्हणाली. “माज्या सुनंनं पुस्तक केलंया त्याचं. कल्पे, आण गं.”

“ते... सापडत न्हाई कुटं, आत्याबाई,” कल्पना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

“सापडत न्हाई कसं?” विलास म्हणाला. “कपाटात हाय, साड्यांखाली. म्या बगितलंय.” आणि तो स्वतः जाऊन घेऊन आला. या माणसाला जन्मात कधी घरातली वस्तू सापडली नव्हती.

वही कोंडिबाच्या मांडीवर आली. तुळजाबाई शेजारी सरकून बसल्या. भोवती दहा-बारा माणसं वाकून उभी राहिली. “किती झ्याक केलंया!” बायका म्हणाल्या. कल्पनाचे पाय दारात रुतले. तिला आत जाता येईना आणि पुढंही येता येईना.

“ह्यो घाट बग,” तुळजाबाई सांगू लागल्या. “ह्यो विलास. ही कल्पना. आन् मदी...” बोट होडीवर आलं आणि थांबलं. त्यांनी पान डोळ्यांजवळ घेतलं. मग पुढचं उलटलं. तिथं कळस होता. पुढच्यावर तिकीट. पानं उलटायचा वेग कमी कमी होत गेला.

“तू कुटं हायेस गं, आक्का?” कोंडिबानं विचारलं.

म्हातारीनं मान वर करून कल्पनाकडं बघितलं. एकदाच. त्या नजरेत राग नव्हता. कल्पना रागच शोधत होती, तर तो नव्हता. मग म्हातारीनं हिरड्या दाखवत हसून भावाच्या खांद्यावर चापट मारली.

“म्या कशी आसन रं? फोटू समदे म्याच काडलेत. काडणारं माणूस दिसतंय व्हय कुटं?”

सगळे हसले. म्हातारी फोन शिकली म्हणून चहूकडून कौतुक सुरू झालं. कल्पनाच्या छातीवरचा धोंडा उतरला. हो, उतरला. वाचले, असं तिला वाटलं. पाठोपाठ, आपल्याला तसं वाटलं याचीच तिला किळस आली. जिला तिनं झाकलं होतं, तीच आता तिला झाकत होती.

पण कोंडिबा हरखून गेला होता. “मग माजा काड की एक! माजा काय भरवसा न्हाई आता. तुज्या हातचा फोटू ऱ्हाऊ दे मागं.”

“आता ऱ्हाऊ दे, जेवनं व्हायचीत,” म्हातारी म्हणाली. पण काशीत फोन कुणाच्या हातात होता हे कधी ध्यानातच न घेतलेल्या विलासनं कौतुकानं आपला फोन तिच्या हातात ठेवलासुद्धा. माणसं बाजूला सरली. कोंडिबानं टोपी नीट केली आणि ताठ बसला.

तुळजाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. उलटा धरला. काच भावाकडं आणि पाठ आपल्याकडं. मग काहीतरी चुकतंय असं वाटून फिरवला, तेव्हा अंगठा कशावर तरी पडला आणि फोनमधून गाणं वाजायला लागलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं.  कोंडिबा तसाच ताठ, डोळे न मिटता बसून होता.

“हितं दाबू का गं?” तुळजाबाईंनी हळूच कल्पनाला विचारलं.

कल्पना पुढं आली. तिनं फोन घेतला, गाणं बंद केलं, आणि सगळ्यांसमोर खाली बसली. 

“मामा, फोटो ह्यांनी न्हाई काडले. ह्या समद्या फोटोंत हायेत. ह्या होडीखाली हायेत, त्या तिकिटाखाली हायेत. म्या झाकल्या.”

 विलासनं वही ओढून घेतली आणि पहिल्यांदा नीट बघितली.

“का?” त्यानं विचारलं.

“लोकांना दावायचं हुतं. मला लाज वाटली.”  तिला वाटलं, आता म्हातारीनं तोंड सोडावं. चार माणसांत शिव्या घालाव्यात, माहेर उद्धारावं, वही चुलीत घालावी. तेवढं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

तुळजाबाईंनी होडीवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी कल्पनाच्या पाठीवर हात ठेवला, आणि आपलीच काही चूक झाली असावी अशा बारीक आवाजात म्हणाल्या,

“आगं, मग तवाच सांगायचं न्हाई का, पोरी? म्या बाजूला झाले आसते.”