नागासाकीतलं गाऱ्हाणं

केळशीजवळच्या एका बागेत आबा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्याच्या कलमांची राखण करायचे. बागेतलं गवताचं खोपटं हेच आमचं घर. आंबा धरला की आई आणि मी पत्र्याचा डबा बडवून वानरं हाकायचो. चांगला आंबा पेट्यांतून जायचा, आमच्या वाट्याला डागी. "बाय, लोकांचं राखून माझा जन्म गेला. तू शीक," आबा म्हणायचे. मी शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही.

जहाजांचं काम शिकायला जपानला निघाले तेव्हा आबा दापोलीच्या एसटी स्टँडवर आले होते. "काम शिकून घे नि परत ये," एवढंच बोलले.

काम शिकले, पण परतणं लांबत गेलं. नागासाकीत मी जहाजांची डिझाइन्स करते. आता जपानीतून भांडताही येतं, आणि फडताळात मिसोशेजारी, म्हणजे इथल्या आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाशेजारी, कुळथाचं पीठ असतं. मधल्या काळात आई गेली. तिकडे एकट्या आबांनी गावच्या वाडीत माझ्या घरासाठी जागा हेरून मालकाशी बोलणं केलं. इकडे मी डोंगरउतारावरचं एक जुनं घर पसंत केलं. मला इथेच राहायचं होतं, पण आबांनी हो म्हटल्याशिवाय सही करणार नव्हते. फोनवर विचारायची ती गोष्ट नव्हे. म्हणून दिवाळीनंतर त्यांना इकडे आणलं आणि एक दिवस शहर दाखवायला निघाले.

सकाळी ट्रामने शांती उद्यानात गेलो. बॉम्ब पडल्यावर भाजलेली माणसं पाणी पाणी करत गेली, म्हणून तिथे कारंजं बांधलंय, असं मी सांगितलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"एवढं झालं तरी ही माणसं गाव सोडून गेली नाय?"

"गेलेलीही परत आली. इथेच पुन्हा घरं बांधली."

तेव्हाच घराचं विचारावं असं वाटलं, पण मी जेवायची वेळ झाली म्हटलं. बंदरावर जेवलो. बांगड्यासारखा मासा होता. "मीठ बरोबर हाय, तिखट घालायला विसरलेत," आबा म्हणाले.

दुपारी त्यांना त्या घराकडे नेलं. कुठे चाललोय ते बोलले नाही. मोटार जात नाही, नुसत्या पायऱ्या. अर्ध्या वाटेवर दगडी कमानीचं छोटं देऊळ लागलं. देवापुढे कुणी दारूची बाटली ठेवली होती.

"हा कोण?"

"या डोंगराचा देव."

"म्हणजे राखणदार. आपल्याकडं बाटली फडक्यात गुंडाळून आणतात, हितं उघड्यावर." आबा हसले, मग वरच्या पायऱ्यांकडे पाहत म्हणाले, "तू हितं घर बघितलंयस."

"कसं कळलं?"

"असली चढण पावण्याला कोण दाखवतं? याला सांगितलंस का, राहाया येतंय म्हणून?"

देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मांडायचं, ते गाऱ्हाणं. आमच्याकडे तो मान ठरलेल्या घरांचा. आबांसारख्यांनी मागे उभं राहून "व्हय महाराजा" म्हणायचं, बस. त्यांनी कधी गाऱ्हाणं घातलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"बा देवा महाराजा, ही माझी लेक. लांबून आलीय. आजपासनं ती तुझ्या गावची. तुझं पाणी पिते, तुझ्या वाटेनं चालते. चुकलंमाकलं तर पोटात घाल. तिच्या दाराकडं नजर ठेव रे महाराजा."

ते थांबले. मागे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"व्हय महाराजा," मी म्हटलं. शेजारच्या घराचं अंगण झाडणाऱ्या एका म्हातारीने झाडू थांबवून मान लववली.

पायऱ्या चढताना मी विचारलं, "आबा, तुम्ही राहाल इथे?"

"मी माझ्या गावचा. जाऊन त्या जागेच्या मालकाला नाय सांगतो. उगाच खोळंबलाय बिचारा."

वाडीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घर कुठलं असं विचारलं की पूर्वी मी अडखळायचे. आता गाव केळशीकडचं सांगते आणि घर नागासाकीचं. आबांची आठवण आली की दोन्हींतलं अंतर कळतं. ते कमी होत नाही.

आबा गावी परतल्यावर, त्याच हिवाळ्यात मी घराच्या कागदांवर सही केली. ते घर आज माझ्या नावावर आहे आणि मी तिथे राहते.