पाच बोटांचं पेंटॅनाल

रविवारची दुपार, पोटात आमटीभात, डोक्यावर पंख्याची घरघर. वृषालीचा डोळा लागतोय न लागतोय, तोच कोणीतरी विचारतं, "पोरी, हायड्रोजन कुठे ठेवलास?"

आवाज आबांचा. आबांना जाऊन सव्वा महिना झाला हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी ती म्हणते, "आले हं," आणि उठते. बापाच्या हाकेला ओ द्यायची सवय बाप गेला म्हणून थोडीच जाते!

खोलीचं दार उघडावं तर समोर प्रयोगशाळा. ब्युरेटच्या काचनळ्यांच्या जागी सलाइनच्या बाटल्या टांगलेल्या, आणि टेबलापाशी दवाखान्यातली खाट. खाटेवर आबा, बनियन-पायजम्यात.

"हे आपलंच घर ना?" ती गोंधळून विचारते.

"मग काय शेजाऱ्यांचं? बस. हात दे."

हात म्हटल्यावर वृषाली तो पाठीमागे घेते. आबांनी कऱ्हाडात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, तेही बोटांवर. पाच बोटं म्हणजे पाच कार्बन, अंगठ्याला ऑक्सिजन, झालं पेंटॅनाल नावाचं अल्डिहाइड. मोजायचं अंगठ्यापासून, ज्या टोकाला ऑक्सिजनचा गट, त्या टोकाला एक. त्याच जोरावर लेकही कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागली. पण गेल्या श्रावणात आबांचं डोकं साथ देईना. तिचा हात धरून ते करंगळीपासून मोजू लागले. दिवसभराच्या तासांनी वैतागलेली वृषाली फाडकन बोलून गेली, "आबा, दहावीतलं पोरसुद्धा हे चुकत नाही हो."

आबांनी हात सोडला. पुढे पाच महिने जगले, पण रसायनशास्त्राचा शब्द काढला नाही, की तिचा हात धरला नाही. रागावले होते की नुसते विसरले होते? तिला कळलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

आता मात्र ती हात पुढे करते. "आबा, तुम्ही माझ्यावर रागावला होतात का?"

"बोटं सरळ धर. अंगठ्यावर ऑक्सिजन, दुहेरी बंध. आता क्षपण करू." ते पेल्यातलं पाणी तिच्या अंगठ्यावर सोडतात. "दोन हायड्रोजन दिले. काय झालं?"

"अल्डिहाइडचं अल्कोहोल."

"आणि बंध?"

"तुटला," ती म्हणते आणि तिला रडू फुटतं.

"तुटला कसा? दोनातला एक गेला. एक आहे की अजून."

"पण रागावला होतात का?"

"कोणावर?" आबा विचारतात. खरंच विचारतात, त्यांच्या चेहऱ्यावर तिच्याइतकाच गोंधळ आहे.

खाटेखाली आता फलाट आहे. विट्याची गाडी लागलीय, कंडक्टर घंटी मारतोय. आबा घाईघाईने पेन काढतात आणि तिच्या करंगळीवर लिहितात, एक. वृषालीच्या जिभेवर शब्द येतो. ती जीभ चावते. दोन. तीन. चार. अंगठ्यावर पाच.

"बरोबर?" आबा विचारतात. निकालाच्या दिवशी पोरं बघतात ना, तसं बघत.

"बरोबर, आबा," रसायनशास्त्राची बाई सांगते.

"मग झालं," म्हणून आबा गाडीत चढतात. खिडकीशी जागाही मिळते त्यांना.

"अगं, चहा टाकलाय, ऊठ," नवरा हलवतो. वृषाली डोळे चोळते आणि थबकते. उजव्या हाताच्या बोटांवर निळे आकडे आहेत. करंगळीवर एक, अंगठ्यावर पाच. ती उजव्या हाताने लिहिणारी. डाव्याने तिला धड रेघसुद्धा ओढता येत नाही. शिवाय पाचाचं पोट असं फुगवून काढणारा एकच माणूस होता या घरात.

"हे काय लावून घेतलंस? धुऊन ये आधी, चहा निवतोय," नवरा म्हणतो.

वृषाली कप डाव्या हाताने घेते.