टेबलावरचा तळहात

टकटकताईंच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर एक घट्टा आहे, वाटाण्याएवढा. भांडी घासून आलेला नाही, लिहूनही आलेला नाही. टेबलावर बोट आपटून आपटून आलाय, आणि तोसुद्धा एकाच टेबलावर, सव्वीस वर्षं.

टेबलावर बोट आपटायचा पगार कोण देतं, असं तुम्ही म्हणाल. द्यायचे हो. त्या छापखान्यात दूरदूरच्या प्रकाशकांची इंग्रजी पुस्तकं आणि मासिकं तयार व्हायची, आणि त्यातल्या लेखांची शीर्षकं म्हणजे निव्वळ डोकेदुखी. शीर्षकातला कुठला शब्द कॅपिटलने सुरू करायचा आणि कुठला नाही, यावर कुठल्याही दोन प्रकाशकांचं कधी पटलेलं नाही. एक म्हणणार, पहिला शब्द कॅपिटल, बाकी सगळं स्मॉल. दुसरा म्हणणार, सगळे कॅपिटल, फक्त चिल्लर शब्द सोडा. तिसऱ्याच्या मते चिल्लर म्हणजे तीन अक्षरांपर्यंत, चौथ्याच्या मते चार. प्रत्येकाची नियमांची जाडजूड पुस्तिका, आणि प्रत्येकाला वाटतं जगात शहाणे आपणच. अशा एकेचाळीस पुस्तिका ताईंना तोंडपाठ होत्या. "लग्न केलं नाही तेच बरं," असं त्या म्हणायच्या, "बेचाळिसावी पाठ करावी लागली असती."

ताई आधी लेखकाच्या कागदावर नियमाप्रमाणे खुणा करायच्या. मग टायपिंग होऊन प्रूफ आलं की ते कागदाशी ताडायला दोन माणसं समोरासमोर बसायची. ताई एकेक शब्द मोठ्याने वाचायच्या आणि कॅपिटल आलं की टेबलावर बोटाने एक टक. अख्खा शब्द कॅपिटल असला तर दोन. समोर काका. उजव्या हातात पेन्सिल, डावा तळहात टेबलावर पसरलेला, पुढ्यात प्रूफ. टक झाली आणि प्रूफात स्मॉल दिसलं, की पेन्सिलीची खूण पडलीच. पान संपलं की खाली दोघांच्या सह्या. काका शिशाच्या खिळ्यांच्या काळातले जुळारी, एकेका अक्षराचा खिळा हाताने जुळवणारे. इंग्रजीचं अक्षर न् अक्षर ओळखायचे, अर्थ मात्र विचारायचा नाही. रोज सकाळी चष्मा पुसून म्हणायचे, "चल पोरी, वाजव." ताई म्हणायच्या, "घ्या काका." ताई तेविसाव्या वर्षी तिथे आल्या तेव्हापासून हे असंच चाललेलं.

अशी एकोणीस वर्षं गेली. मग एका दुपारी टेबलावर जाड शब्दकोश पडला होता आणि ताईंनी नकळत त्याच्यावरच टकटक केली. आवाज काही कमी झाला नव्हता. काका मात्र ढिम्म. पान संपलं तरी पेन्सिल हलली नाही. ताईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि विचारलं, "काका, चहा सांगू?" उत्तर नाही. आता काकांनी चहाला नाही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शब्दकोश बाजूला सारून ताईंनी शेवटचं शीर्षक परत वाचलं, लाकडावर टक केली, आणि पेन्सिल लगेच प्रूफावर उतरली.

हा माणूस कानांनी ऐकतच नव्हता. शब्द ताईंच्या ओठांवरून घेत होता आणि टक तळहाताने.

ताई काही बोलल्या नाहीत. काकाही नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त त्या दिवसापासून ताईंनी वाचताना कागद हनुवटीच्या खाली धरला, चेहरा सरळ काकांसमोर, ओठ मोठे, शब्द सुटे सुटे. आणि टक जरा जोरात. घट्टा खरा वाढला तो तेव्हापासून. सवय अशी जडली की त्या वाण्याशीही तशाच बोलायला लागल्या. "आम्ही काय बहिरे आहोत काय, बाई?" असं तो एकदा तोंडावर म्हणाला. पुढच्या सात वर्षांत त्या टेबलावरून गेलेल्या प्रूफांबद्दल एकही तक्रार आली नाही, हेही सांगून ठेवतो. नाहीतर म्हणाल, चोरी झाकायला कामाचा सत्यानाश केला.

काकांच्या नोकरीचे चौदा महिने उरले होते. ते भरले की पूर्ण पेन्शन. आणि नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअर आलं.

ते घेऊन आलेली बाई स्वभावाने गोड होती, खोटं कशाला बोला. तिने ताईंना शेजारी बसवून दाखवलं. प्रकाशकाचं नाव निवडायचं, शीर्षकांची यादी टाकायची, एक बटण दाबायचं. पापणी लवायच्या आत दोनशे शीर्षकं सरळ. एकेचाळीस पुस्तिका त्याच्या पोटात. ताईंनी मुद्दाम वाकडी शीर्षकं दिली. कोलननंतरचा शब्द, जोडशब्दाचा दुसरा भाग, एका किड्याचं शास्त्रीय नाव. किडा तेवढा चुकला. "हे बघा," ताई खूश होऊन म्हणाल्या, "तुमचं यंत्र किड्यात अडकलं." बाई हसली, तिने काहीतरी टाईप केलं, आणि पुढच्या वेळी किडाही बरोबर आला. ताईंचं हसू तिथेच विरलं.

मग साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. "यंत्रावर लक्ष ठेवायला एक माणूस लागेल. नियम तुम्हाला येतात, तेव्हा ती खुर्ची तुमची. काकांचं बघू. नुसतं ताडायचं कामही अजून पुष्कळ आहे, पण त्यांचा हात किती चालतो ते कळायला हवं. शुक्रवारी चाचणी घेऊ. तुम्ही यंत्राची शीर्षकं तपासा, काकांना ऑफिसातली टेलिफोनवाली मुलगी वाचून दाखवेल."

"आम्ही दोघं एकत्रच बसतो, साहेब," ताई म्हणाल्या.

"म्हणून तर वेगळं बसवतोय."

इथे ताईंनी अडून बसायला हवं होतं. माझं स्पष्ट मत आहे. पण घरी अंथरुणाला खिळलेली आई, कमावणारी ही एकटी, आणि साहेबांच्या तोंडून नुकतीच निघालेली ती खुर्ची. एका दिवसाचा तर प्रश्न, निभेल कसंतरी, असं स्वतःला समजावून त्या बाहेर आल्या. टेलिफोनवालीला गाठून म्हणाल्या, "कागद खाली धरून वाच हं. आणि टेबलावर जोरात ठोक." का, ते सांगितलं नाही. सांगणार कसं?

शुक्रवारी काकांना नव्या खोलीत बसवलं. टेबल नवं, वर रबराची जाड चटई पसरलेली, यंत्रांच्या वायरी घासू नयेत म्हणून. काकांनी तळहात ठेवला, जरा उचलला, परत ठेवला. मधल्या काचेच्या भिंतीच्या अलीकडे ताई साहेबांशेजारी बसल्या होत्या. त्यांनी चटई पाहिली आणि हातातली यादी तशीच राहिली.

टेलिफोनवालीने खणखणीत आवाजात सुरुवात केली. पोरीचा उच्चार फर्स्ट क्लास, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. पण चाचणीच्या धास्तीने तिने कागद थेट नाकासमोर धरला होता, आणि टकटक करत होती बॉलपेनच्या मागच्या टोकाने, त्या रबरावर. काकांनी एकदा कागदाच्या मागच्या बाजूकडे पाहिलं. मग खाली मान घातली आणि अंदाजाने पेन्सिल चालवू लागले. एका ओळीला एक बरोबरची खूण. पुढच्या ओळीला पुढची.

चाळीस शीर्षकं होती, त्यात मुद्दाम साठ चुका पेरलेल्या. टेलिफोनवाली शेवटचं शीर्षक वाचून थांबली. कागद मांडीवर ठेवला. काकांची पेन्सिल तेव्हा सव्विसाव्या ओळीवर होती. ती तशीच चालत राहिली. सत्तावीस, अठ्ठावीस. खोलीत आवाज म्हणून नाही, आणि हा माणूस मन लावून ताडतोय. टेलिफोनवाली रडवेली होऊन काचेकडे बघायला लागली. साहेब उठून आत गेले, काकांच्या पाठीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "काका." मग मोठ्याने, "काका!" तिसऱ्यांदा तर ओरडलेच. बत्तीस. तेहेतीस.

साहेबांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा काका दचकून उठले, आणि पेन्सिल खाली पडली.

केबिनमध्ये चौघं होते. साहेब, सॉफ्टवेअरवाली बाई, काका आणि ताई. साहेब फाईल चाळत बोलत होते. काका म्हणाले, "साहेब, जरा इकडे बघून बोलता का?"

साहेबांनी मान वर केली. "ऐकू येत नाही तुम्हाला?"

"येतं. कमी येतं."

"कधीपासून?"

काकांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. साहेब ताईंकडे वळले. "हजारो प्रूफांवर यांच्यासोबत तुमची सही आहे. तुम्ही हे माहीत असून लपवलं असेल तर मला दोघांनाही आज घरी पाठवावं लागेल. नसेल माहीत तर तसं सांगा. तुम्हाला माहीत होतं?"

काका ताईंच्या तोंडाकडे बघत होते. रोजच्यासारखेच, पुढचा शब्द कुठला येतोय म्हणून. विनवणी नव्हती हो त्या नजरेत. ती असती तरी बरं झालं असतं.

ताई साहेबांकडे बघून बोलल्या असत्या, नुसती मान वळवली असती, तरी काकांना काही कळलं नसतं. उत्तर साहेबांना द्यायचं होतं, साहेब डावीकडे होते. पण सात वर्षांची सवय. ताईंचा चेहरा आपसूक सरळ काकांसमोर आला, हनुवटी वर झाली, ओठ मोठे झाले, आणि शब्द सुटे सुटे बाहेर पडले. "नाही. मला. काहीच. माहीत. नव्हतं."

काकांनी मान हलवली. शीर्षक संपलं, कळलं, पुढचं घे, अशी ते नेहमी हलवायचे तशीच.

ताईंना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील. ठेवा खुशाल. आजारी आई तुमची नव्हती. पण खरं तेच सांगतो, ताईंनी स्वतःला ठेवली तेवढी नावं दुसऱ्या कुणी ठेवलेली नाहीत. आणि जिच्यासाठी हे केलं ती खुर्ची अकराच महिने टिकली. ताई रोज यंत्राच्या चुका काढायच्या, सॉफ्टवेअरवाली त्या दुरुस्त करायची, आणि एक दिवस काढायला चुकाच उरल्या नाहीत. गरज सरो, वैद्य मरो. साहेबांनी पेढे नाही दिले एवढंच.

पण ते नंतरचं. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी काका आपलं सामान न्यायला आले. जुन्या टेबलाचा खण उघडून बसले. चष्म्याची डबी, पेन्सिलींचा जुडगा, आठवण म्हणून ठेवलेला शिशाचा एक खिळा. एकेक वस्तू उजव्या हाताने पिशवीत टाकत होते. डावा तळहात सवयीने टेबलावर पसरलेला.

ताई समोर येऊन आपल्या जागी बसल्या. रात्रभर पुष्कळ जुळवलं होतं. पण काका वर बघत नव्हते, त्यामुळे बोलून उपयोग नव्हता. ताईंनी बोट वाकवलं आणि लाकडावर एक टक केली.

ती पोचलीच असणार. त्या टेबलावर त्या हाताने एकही टक कधी चुकवली नव्हती. काकांनी डावा हात उचलला आणि पँटच्या खिशात घातला.

ताईंनी परत एकदा टक केली, जरा जोरात. काका उरलेलं सामान एका हातानेच पिशवीत भरत राहिले.