फॉर्मवरचा पहिला नंबर

माझा दादा आणि वहिनी कवळ्या आणि नकली दात बनवतात. एकाच लॅबमध्ये, एकाच टेबलावर, समोरासमोर. एकाच दिवशी कामाला लागले, एकाच पगारावर, आणि तिथेच त्यांचं जमलं. पुढच्या खोलीत डॉक्टरांकडून येणारे दातांचे साचे मी नोंदवून घेते. कोणाचं काय चाललंय ते मला कळतं, नाही कळलं तर विचारते. नाक खुपसायची खोडच आहे मला.

हात वहिनीचा चांगला. खऱ्या दातावरची पिवळट झाक ती कुंचल्याने अशी उतरवते की दादाही तोंडात बोट घालतो. लग्नानंतरही दोघांचे पगार सारखे होते. भाची झाली आणि ‘आता तू संसारी माणूस’ म्हणून मालकांनी दादाचा वाढवला, वहिनीचा तिथेच राहिला. आज, आठ वर्षांनी, त्याचा तिच्या दीडपट आहे.

का? मी मालकांनाच विचारलं.

"अगं, ती सारखी काम टाकून शाळेत पळते. पुढच्या महिन्यात मुख्य कारागीर नेमायचाय, अशी कशी चालेल?"

बरं, पण शाळा दर वेळी हिलाच का बोलावते? भाचीला आणायला गेले तेव्हा शाळेतला संपर्काचा फॉर्म बघितला. पहिला फोन नंबर वहिनीचा, अक्षर दादाचं.

"सहज लिहिला गं," दादा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, आणि याचाच मला जास्त राग आला.

"मला ती जागा हवीय," वहिनी म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन तिने दादाचा नंबर वर लिहिला.

त्या महिन्यात भाची दोनदा पडली, एकदा तापली. तिन्ही वेळा दादा हातातलं टाकून पळाला. वहिनी मान खाली घालून रंग भरत राहिली. तिसऱ्यांदा तो परतला तेव्हा मालक स्वतः उठले, पाठ थोपटली, त्याच्यासाठी चहा मागवला.

"बाप असावा तर असा! घर सांभाळून काम करतोस. मुख्य कारागीर तूच!"

मी तोंड उघडणार तोच वहिनीने कुंचला खाली ठेवला.

"साहेब, आठ वर्षं मी हेच करत होते. मला कधी चहा मिळाला नाही."

दादाचे कान लाल झाले. त्याने आपला कप तिच्यापुढे सरकवला.

"चहा नको," ती म्हणाली. "नंबर सहज लिहिलास ना? मग तितक्याच सहज साहेबांना सांग, हात कोणाचा चांगला आहे."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तिचा," दादा शेवटी म्हणाला. "जागाही तिचीच, साहेब."

त्याला पूर्ण एक मिनिट लागलं.