नऊ शे

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जमिनीतलं पाणी कोणत्या देशाने किती उपसावं हे ठरवणारी परदेशात कमिटी आहे, त्यात ही बाई बसते, एवढं ग्रामसेवकाने सांगितलं. मी चौथी नापास, पण शहाद्याकडे माझ्यासारखी केळी कुणाची नाही. म्हटलं, हिला काय कळणार.

तिने बांधावर चपला काढल्या आणि अनवाणी विहिरीपाशी आली. वही गुडघ्यावर ठेवून विचारलं, "पाणी किती फुटांवर आहे, आजोबा?"

"नऊ शे," मी म्हणालो. आमच्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'.

तिने लिहून घेतलं. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, आकडे येतात.

"नऊ मन्हा शे, माय. पन या दोन शून्य कोना?"

नऊशे फूट वाचून कमिटीने आमच्या गावात केळीच लावू नका म्हटलं असतं. तिने वाकून पाहिलं. पाणी हाताच्या अंतरावर असल्यासारखं चमकत होतं. तिने आकडा खोडला आणि हळू आवाजात म्हणाली, "तिथे माझ्या आकड्याला कुणी हरकत घेत नाही, आजोबा. त्याचीच भीती वाटते."

मग सगळं पान तिने मला मराठीत वाचून दाखवलं. मोटर रोज दोन तास, हे वाचून ती पुढे गेली. तो आकडा मी मघाशी ऐटीत, कमी करून सांगितला होता. मीच तिला थांबवलं.

"माय, तठे पाच लिख."