कोणाकडे?

मोहर्लीच्या रस्त्यावर आमची चहाची टपरी आहे. एक बाई तिथे एकदाच आली, एका सकाळी, नवऱ्यासोबत मोटरसायकलवरून. कोल्हापूरहून निघाले होते, थेट अरुणाचलला चालले होते.

तिने हेल्मेट काढलं, चपटे झालेले केस दोन्ही हातांनी विस्कटले आणि टाकीवरच्या धुळीत बोटाने प्रवासाचा दिवस लिहिला, चार. चहा दिला तर तिच्या नवऱ्याने न सांगता तिच्या कपातली साय उचलून स्वतःच्या कपात टाकली. माझा नवरा दिवसभर चहाच विकतो, पण मला साय चालते की नाही, हे त्याला आजही ठाऊक नाही.

"कोणाकडे जाऊन राह्यले, बाई?" मी विचारलं. आमच्याकडे असंच विचारतात.

"कोणाकडेच नाही," ती हसली. "नुसतं फिरायला."

लग्न, बारसं, तेरवी नाहीतर दवाखाना. याशिवाय मी कधी गाडीवर बसलेली नाही, आणि बसले तेव्हा मांडीवर पिशवी होतीच. ती मात्र रिकाम्या हातांनी मागे बसली, त्याच्या पाठीवर दोनदा थाप मारली आणि गाडी निघाली. मी तिचा कप उगाच आदळून विसळला.

त्याच दुपारी नवऱ्याला म्हटलं, "आपणबी जाऊ नं कुठी, गाडीवर."

"कोणाकडे?" त्याने विचारलं.

मी भांडणारच होते, पण सकाळी मीही तिला हेच विचारलं होतं.